डार्सीच्या मनात शिरताना

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात रोझिंग्ज नावाच्या हवेलीभोवती मोठी बाग आहे. मैत्रिणीकडे पाहुणी म्हणून आलेली एलिझाबेथ बेनेट तिथे एकटीच फिरायला जाते. एकदा तिला वाटेत डार्सी भेटतो. हा गर्विष्ठ माणूस पुन्हा आडवा येऊ नये म्हणून ती त्याला सांगून टाकते, की ही आपली फिरायची आवडती जागा आहे. तरी तो दुसऱ्यांदा भेटतो, तिसऱ्यांदाही भेटतो. एलिझाबेथ चक्रावते.

आता हाच प्रसंग डार्सीच्या बाजूने पाहा. ज्या मुलीचा विचार महिनोन्‌महिने त्याच्या मनातून जात नाही, ती समोर येते आणि आपण नेहमी कुठल्या वाटेने फिरतो हे आपण होऊन सांगते. प्रेमात पडलेला पुरुष यातून काय समजेल? तिने टाळण्यासाठी उच्चारलेलं वाक्य त्याच्या कानांवर आमंत्रण होऊन पडतं. तिच्या अर्थाने तो इशारा, त्याच्या अर्थाने ती संमती. काही दिवसांनी तो तिला लग्नाची मागणी घालतो, तेव्हा ‘नाही’ हे उत्तर येऊ शकतं असं त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

हा प्रसंग ज्यातला, ती जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचे हक्क लेखिकेने टॉमस एगर्टन या प्रकाशकाला ११० पौंडांना विकले होते. पुस्तकावर तिचं नावही नव्हतं. पुढे दोनशे वर्षांत या कादंबरीची नाटकं, चित्रपट, मालिका झाल्या, कथानक पुढे नेणारी पुस्तकंही निघाली. या सगळ्या पसाऱ्यात एक वेगळा प्रकार आहे तो म्हणजे तीच गोष्ट, तेच प्रसंग, तेच संवाद, पण सांगणारा नायक. वरवर पाहता हे काम सोपं वाटतं. मूळ कथानक हाताशी आहे, फक्त बाजू बदलायची आहे. प्रत्यक्षात बाजू बदलली की कादंबरीचा सगळा तोल बदलतो, कारण मूळ कथा उभी असते ती नायकाचं मन झाकलेलं ठेवण्यावर.

ऑस्टिनचं निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण ते जवळजवळ सतत एलिझाबेथच्या सोबत राहतं. ती जिथे असते तिथे वाचक असतो. तिला जे कळतं तेवढंच वाचकाला कळतं आणि तिचा जो गैरसमज होतो तोच वाचकाचाही होतो. फक्त पुरुषच हजर आहेत असा प्रसंग या कादंबरीत रंगवलेलाच नाही. डार्सी आणि बिंग्ली हे जिवलग मित्र, पण ते दोघे एकटे असताना काय बोलतात हे आपण कधी ऐकत नाही. एलिझाबेथची बहीण जेन हिचा नाद सोडून दे असं डार्सीने बिंग्लीला लंडनमध्ये पटवलं, ही कथेला वळण देणारी घटना. ती आपल्याला कितीतरी नंतर, तीही दुसऱ्याच्या तोंडून कळते.

पण ऑस्टिनने दार पूर्ण बंद केलेलं नाही. सहाव्या प्रकरणात ती क्षणभर डार्सीच्या मनात डोकावते. या मुलीच्या चेहऱ्यात पाहण्यासारखं काही नाही असं तो स्वतःला बजावतो न बजावतो, तोच तिच्या काळ्याभोर डोळ्यांतली बुद्धीची चमक त्याच्या नजरेत भरते. दहाव्या प्रकरणात तो पुरता भारावलेला दिसतो. अकराव्यात आपण तिच्याकडे जास्तच लक्ष देतोय, यात धोका आहे, हे त्याला उमगतं. बाराव्यात तर फार सुंदर तपशील आहे. एलिझाबेथ बिंग्लीच्या नेदरफील्ड या घरून निघण्याच्या आदल्या दिवशी ते दोघे अर्धा तास एका खोलीत एकटे असतात आणि तो पुस्तकातून डोकं वर काढत नाही. एलिझाबेथच्या लेखी तो नुसता अबोलपणा. वाचकाला मात्र लेखिका हळूच सांगते, की आपल्या वागण्यातून तिला कसलीही आशा वाटू नये असं त्याने ठरवलेलं आहे. नायकाच्या बाजूने लिहू पाहणाऱ्या प्रत्येक लेखकाचा पाया म्हणजे या चारपाच छोट्या खिडक्या.

दुसरा आधार कालक्रमाचा. ऑस्टिन तारखा कमी देते, पण जे देते ते काटेकोर असतं. नेदरफील्डचा नाचाचा समारंभ मंगळवारी होतो. बऱ्याच प्रकरणांनंतर लॅम्टन गावी एलिझाबेथला भेटलेला बिंग्ली सहज बोलून जातो, की २६ नोव्हेंबरच्या त्या रात्रीनंतर आपण भेटलेलो नाही, आठ महिन्यांवर काळ लोटला. १९२३ साली ऑस्टिनच्या कादंबऱ्यांची संपादित आवृत्ती काढणाऱ्या आर. डब्ल्यू. चॅपमन यांनी असे दुवे जुळवून कथा १८११-१२ च्या पंचांगात बसवून दाखवली. २६ नोव्हेंबर १८११ ला खरोखरच मंगळवार होता. नायकाची रोजनिशी लिहायला बसणाऱ्याला अशी मांडणी आयतीच मिळते.

या लेखनाला खरा जोर आला तो १९९५ मध्ये. बीबीसीने त्या वर्षी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची सहा भागांची मालिका दाखवली. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची होती, डार्सीच्या भूमिकेत कॉलिन फर्थ आणि एलिझाबेथच्या भूमिकेत जेनिफर ईली. मालिकेचं पहिलंच दृश्य कादंबरीत नसलेलं आहे. डार्सी आणि बिंग्ली घोड्यांवरून दौडत येतात आणि नेदरफील्डकडे बघत बोलतात. दोन मित्र, आसपास कुणी नाही. ऑस्टिनने जी जागा मोकळी सोडली होती तिथेच डेव्हिस यांनी पहिलं पाऊल टाकलं. पुढे डार्सी तलवारबाजीचा सराव करताना दिसतो, रात्रभर जागून पत्र लिहिताना दिसतो, आणि पेम्बर्ली या आपल्या इस्टेटीतल्या तळ्यात उडी मारतो ते दृश्य तर घराघरांत पोचलं. कादंबरीत या तळ्याच्या दृश्याला काहीच आधार नाही, पण प्रेक्षकाला हवं होतं ते त्यात मिळालं. या बंद माणसाच्या आत काय चाललंय, याची चाहूल लागली.

त्यानंतर पुस्तकांची रांग लागली. जॅनेट एल्मर यांचं ‘डार्सीज स्टोरी’ १९९६ चं. मेरी स्ट्रीट यांनी १९९९ मध्ये डार्सीचा कबुलीजबाब लिहिला. पामेला एडन या अमेरिकन लेखिकेने २००३ ते २००५ या काळात तीन खंडांची मालिका काढली. अमांडा ग्रेंज यांची ‘डार्सीज डायरी’ २००५ ची. ग्रेंज तिथेच थांबल्या नाहीत, ऑस्टिनच्या इतर नायकांच्याही रोजनिश्या त्यांनी लिहिल्या, मिस्टर नाइटली आणि कॅप्टन वेंटवर्थ यांच्यासकट. २००७ मध्ये माया स्लेटर यांनी डार्सीची आणखी एक खासगी रोजनिशी लिहिली.

एवढी मोकळीक मिळण्याचं एक साधं कारण कायद्यात आहे. ऑस्टिन १८१७ मध्ये वारली आणि तिच्या कथांवर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या ‘गॉन विथ द विंड’ची स्थिती वेगळी आहे. तिचा नायक ऱ्हेट बटलर याच्या बाजूने लिहिलेली ‘ऱ्हेट बटलर्स पीपल’ ही डॉनल्ड मॅकेग यांची कादंबरी २००७ मध्ये आली ती मिचेल यांच्या वारसदारांच्या अधिकृत परवानगीने.

बाजू बदलल्यावर सर्वांत आधी काय होतं? गूढाची जागा बदलते. मूळ कादंबरीत डार्सी हे कोडं असतं आणि एलिझाबेथचं मन उघडं. नायकाच्या आवृत्तीत त्याचं मन उघडं पडतं आणि एलिझाबेथ कोडं होऊन बसते. वाचकाने मूळ पुस्तक वाचलेलं असतं, म्हणजे तिच्या मनात काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त निवेदकाला. तो एलिझाबेथच्या मैत्रिणीच्या हन्सफर्डमधल्या घरी मागणी घालायला निघतो तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे वाचक जाणतो आणि निवेदक निर्धास्तपणे चालत राहतो. मूळ कादंबरीत ही मागणी म्हणजे धक्का होता. इथे ती डोळ्यांदेखत होणारा अपघात आहे. उत्कंठा ‘काय होणार’ यातून निघून ‘याला कळणार कसं’ याकडे वळते.

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ची (२००५) बाजू उलटणारी ‘मिडनाइट सन’ २०२० मध्ये आली, तिच्यात हाच गुण ठळक दिसतो. या नायकाला सगळ्यांच्या मनातले विचार ऐकू येतात, ऐकू येत नाहीत ते एकट्या नायिकेचे. ती मूळ कथेची निवेदक, तिचं मन वाचकाला पाठ झालेलं. नेमकं तेच मन नायकाला बंद आहे.

दुसरी अडचण भाषेची. डार्सीला बोलतं करायचं म्हणजे त्याच्या तोंडी कुठली भाषा घालायची? ऑस्टिनने त्याच्या लिहिण्याचा नमुना देऊन ठेवलाय. पस्तिसाव्या प्रकरणातलं त्याचं लांबलचक पत्र अक्षरशः तसंच्या तसं छापलेलं आहे. सकाळी आठ वाजता लिहिलेलं, दाट अक्षरांचं, आरोपांची एकेक करून उत्तरं देणारं. त्याआधी दहाव्या प्रकरणात बिंग्ली त्याची थट्टा करतो, की हा लिहिताना चार-चार अक्षरांचे अवजड शब्द शोधत बसतो. म्हणजे हा माणूस हळू लिहितो, तोलून लिहितो आणि भावना युक्तिवादाच्या मागे दडवतो. असा माणूस रोजनिशीत मनातली तगमग ओळीओळीला मांडेल का? एल्मर आणि एडन यांनी तृतीयपुरुषी निवेदन निवडलं. त्यामुळे डार्सीला न सुचणारे शब्द लेखकाला वापरता येतात. ग्रेंज यांच्या रोजनिशीत वेग आहे, वाचायला ती हलकी आहे, पण तो संथ, घट्ट विणीचा डार्सी तिथे थोडा सैल होतो.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आहे आणि या प्रकारच्या लेखनाचा कस तिथेच लागतो. डार्सीला नकार मिळतो एप्रिलमध्ये. तो पुन्हा दिसतो ऑगस्टच्या सुरुवातीला, पेम्बर्लीच्या हिरवळीवर. मालक उद्या येणार अशा समजुतीने एलिझाबेथ मामा-मामींबरोबर घर पाहायला आलेली असते आणि तो कारभाऱ्याकडच्या कामासाठी सोबतच्या मंडळींच्या पुढे निघून आलेला असतो. दोघांत वीस यार्डांचं अंतर. त्याच्या वागण्यातला ताठा गेलेला आहे. तिच्या व्यापारी मामाशी तो अदबीने बोलतो, त्यांना आपल्या नदीत मासे धरायला बोलावतो. या मधल्या काही महिन्यांत काहीतरी घडलं. एक माणूस बदलला. आणि मूळ कादंबरीत त्या महिन्यांवर एकही प्रसंग नाही.

पुरावे आहेत ते नंतरचे. अठ्ठावन्नाव्या प्रकरणात डार्सी स्वतः कबूल करतो, की तत्त्वं चांगली शिकवली गेली, पण ती पाळताना गर्व सुटला नाही. आठव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत आपण आपल्या कुटुंबापलीकडच्या सगळ्यांना कमी लेखत आलो. तू मागणीची वाट पाहतेस असं आपल्याला खरोखरच वाटत होतं, हेही तो सांगतो. सभ्य माणसासारखं वागला असतास तर, असं एलिझाबेथ बोलली होती. तो घाव किती खोल गेला हे इथे कळतं. सुरुवातीला त्याला राग आला होता. पत्र लिहिताना आपण शांत आहोत असं त्याला वाटलं होतं, प्रत्यक्षात ते कडवटपणातून उतरलं होतं. तिचं म्हणणं रास्त आहे हे मान्य करायला त्याला वेळ लागला.

म्हणजे नायकाच्या बाजूने लिहिणाऱ्याने राग, समर्थन, शरम आणि मग बदल हा सगळा प्रवास दाखवायला हवा. बहुतेक लेखकांना मोह होतो तो डार्सीला पहिल्यापासून चांगला ठरवण्याचा. तो गर्विष्ठ नव्हता, लाजाळू होता. मेरिटन गावच्या नाचात तो तुसडेपणाने वागला, कारण धाकट्या बहिणीच्या काळजीने पोखरला होता. या समर्थनाला आधार नाही असं नाही. त्या बहिणीला, पंधरा वर्षांच्या जॉर्जियानाला, जुन्या ओळखीच्या विकमने रॅम्सगेटहून पळवून नेण्याचा बेत आखला होता, कारण तिच्या नावावर तीस हजार पौंड होते. हे कथा सुरू होण्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं. ग्रेंज आपल्या रोजनिशीची सुरुवात याच उन्हाळ्यापासून करतात आणि ते योग्यही वाटतं. पण काळजी आणि लाजाळूपणा यांनी सगळंच झाकलं, तर एलिझाबेथचा नकार अन्यायाचा ठरतो आणि डार्सीला बदलायला काही उरतच नाही. जेन लंडनमध्ये आहे हे त्याने बिंग्लीपासून लपवलं होतं. दोन माणसांचं सुख त्याने आपल्या अंदाजाने मोडलं होतं. हे त्याच्या आवृत्तीतही तसंच ठसठशीत राहायला हवं.

पामेला एडन यांनी या मोकळ्या जागांचा विचार नेटाने केला आहे. त्यांचा पहिला खंड नेदरफील्डच्या समारंभापर्यंत येतो आणि तिसरा केंटपासून शेवटापर्यंत जातो. मधला अख्खा खंड, ‘ड्यूटी अँड डिझायर’, हा कादंबरीत डार्सी अजिबात न दिसणाऱ्या हिवाळ्याचा. एलिझाबेथला विसरण्यासाठी तो आपल्या बरोबरीच्या घराण्यातली वधू शोधायला एका जुन्या किल्ल्यावरच्या मेळाव्याला जातो आणि तिथे भीतिकथेला शोभतील अशा घटना घडतात. काही वाचकांना हा फाटा परका वाटतो. पण डार्सीचा खासगी नोकर फ्लेचर हे एडन यांनी निर्माण केलेलं पात्र जमून आलंय. मालकाच्या कपड्यांपासून मनःस्थितीपर्यंत सगळ्यावर नजर असलेला हा माणूस डार्सीला एकटेपणातही बोलायला लावतो. मूळ कादंबरीत पुरुषांच्या खोलीत कुणी नव्हतं. एडन यांनी तिथे साक्षीदार आणून बसवला.

कादंबरीत न दिसलेला दुसरा मोठा भाग लंडनमधल्या शोधाचा. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकमबरोबर पळून जाते तेव्हा डार्सी कुणाला न सांगता लंडनला येतो. जॉर्जियानाची जुनी सोबतीण मिसेस यंग हिच्याकडून पत्ता काढतो. लिडियाला परत जायला समजावतो, ती ऐकत नाही. मग विकमचं हजार पौंडांवरचं कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे आणखी हजार पौंड ठेवतो, विकमला सैन्यातलं पद विकत घेऊन देतो आणि ज्या माणसाचा आपण तिरस्कार करतो त्याच्या लग्नाला चर्चमध्ये हजर राहतो. बावन्नाव्या प्रकरणात हे सगळं एलिझाबेथच्या मामी मिसेस गार्डिनर यांच्या एका पत्रात उरकतं. नायकाच्या बाजूने लिहिणाऱ्याच्या हाती इथे पुरी कादंबरी आहे. जुना वैरी, पैशांची घासाघीस आणि ज्या मुलीसाठी हे चाललंय तिला कधीच कळू नये ही अट. डार्सी बदलला हे त्याच्या शब्दांतून सांगावं लागत नाही, इथे ते त्याच्या वागण्यातून दिसतं.

‘जेन एअर’चा नायक रॉचेस्टर याची गोष्ट याहून बिकट आहे. शार्लट ब्राँटेची ही कादंबरी १८४७ मध्ये करर बेल या टोपणनावाने आली, आणि जेन स्वतःच ती सांगते. रॉचेस्टरला आपली बाजू मांडायला ब्राँटेने सत्ताविसावं प्रकरण दिलं आहे. इस्टेटीची वाटणी नको म्हणून वडिलांनी त्याचं लग्न जमैकातल्या स्पॅनिश टाऊनच्या एका श्रीमंत घरात ठरवलं, तीस हजार पौंड आले, पत्नी बर्था वेडी निघाली, तिला आपल्या थॉर्नफील्ड हवेलीच्या तिसऱ्या मजल्यावर बंद करून तो दहा वर्षं युरोपात भटकला. हे सांगणारा तो एकटा आहे आणि जिच्याबद्दल सांगतोय तिला बोलायची मुभाच नाही. सारा शूमेकर यांनी २०१७ च्या ‘मिस्टर रॉचेस्टर’मध्ये त्याला बालपणापासून बोलू दिलं.

पण या कथेची बाजू बदलणारं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक त्याआधी अर्धशतक लिहिलं गेलं होतं. डॉमिनिका बेटावर १८९० मध्ये जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांची ‘वाइड सरगॅसो सी’ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती बर्थाची कादंबरी म्हणून ओळखली जाते, तिथे तिचं नाव आंत्वानेत आहे. पण तीन भागांपैकी मधल्या आणि सर्वांत मोठ्या भागाचं बरंचसं निवेदन तिचा नवरा करतो. ऱ्हिस त्याला नावही देत नाहीत. तो तरुण आहे, तापातून उठलाय, पैशांसाठी लावलेल्या लग्नाने मनातून ओशाळलाय आणि त्या हिरव्यागर्द बेटावर त्याला सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. एका माणसाचं विखारी पत्र आल्यावर तो बायकोवर संशय घेऊ लागतो आणि तिला तिच्या नावाऐवजी बर्था म्हणू लागतो. हे सगळं तो स्वतः सांगतो, आपल्याला समजून घ्यावं म्हणून सांगतो. वाचक समजूनही घेतो, आणि त्याच वेळी गुन्हा कसा घडत गेला हेही पाहतो. नायकाला आवाज देणं म्हणजे त्याची सुटका करणं नव्हे, हे ऱ्हिसइतकं स्पष्टपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल.

मराठी वाचकाला ही रीत नवीन नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, तर शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाची गोष्ट सहा जण सांगतात. ययाति आपल्या भोगलालसेचं समर्थन करतो, आणि पान उलटलं की दुसऱ्याच्या तोंडून तेच दिवस वेगळे दिसतात. फरक एवढाच, की तिथे सगळ्या बाजू एकाच पुस्तकात आहेत. डार्सीच्या आवृत्त्या वाचताना दुसरी बाजू वाचकाने आपल्या आठवणीतून आणायची असते. मूळ कादंबरी न वाचता ही पुस्तकं हाती घेतली, तर त्यांचा अर्धा रस हरवतो.

ज्यांना हा अनुभव घ्यायचा आहे त्यांनी आधी मूळ पुस्तकच नायकाच्या नजरेने वाचून पाहावं. दहावं, अकरावं आणि बारावं प्रकरण डार्सी काय लपवतोय याकडे लक्ष देऊन वाचावं. बत्तिसाव्या-तेहेतिसाव्या प्रकरणात तो काय काय चुकीचं ऐकतो ते पाहावं. मग अठ्ठावन्नावं प्रकरण वाचावं. तिथे आणखी एक न लिहिलेला प्रसंग सापडतो. डार्सीशी लग्न करणार नाही असं वचन एलिझाबेथने आपल्याला दिलं नाही, अशी तक्रार त्याची मावशी लेडी कॅथरीन तावातावाने भाच्याकडे करते आणि ती ऐकताना त्याला पहिल्यांदा आशा वाटू लागते. मावशीचा आरडाओरडा, समोर गप्प बसलेला भाचा आणि त्याच्या डोक्यात सुरू झालेला वेगळाच हिशोब. ऑस्टिनने यावर दोनचार वाक्यंच खर्च केली आहेत, आणि नव्या लेखकाला इथे भरपूर वाव आहे.